वीस बटणं

पाणथळीत आत्याच्या आधी कुणी पाऊल टाकत नसे. हा मानपानाचा मामला नव्हता, जिवाचा होता. वरून बघणाऱ्याला पाणकणसाचं रान सगळीकडे सारखंच हिरवं दिसतं. खाली मात्र कुठे घोटाभर चिखल, कुठे मांडीभर, आणि दोनचार जागा अशा की तिथे गेलेला पाय एकट्याने बाहेर निघत नाही. म्हणून चटयांसाठी पाणकणीस कापायच्या दिवसांत बारा बायका एकामागे एक अशी ओळ धरत. पुढे आत्या, हातात तिच्या खांद्याएवढी काठी. काठी रोवायची, तळ चाचपायचा, मग पाय. मागचीने तिच्या पावलात पाऊल ठेवायचं, तिच्या मागचीने पुन्हा त्याच पावलात. दर दहा पावलांनी आत्या मागे वळे, ओठ हलवत डोकी मोजे आणि अकरा भरली की पुढचं पाऊल टाके. चाळीस वर्षांत तिने एकही बाई पाण्यात घालवली नाही. "घालवायची वेळ आलीच तर तोंडाळ असेल तिला आधी घालवीन," असं ती म्हणे, आणि मग अकराही जणी थोडा वेळ गप्प बसत.

अख्खी वस्ती तिला आत्याच म्हणायची, तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला नावाडीसुद्धा. अंगाने काडी, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडावेत. थंडीवाऱ्यात अंगात एकच करडा स्वेटर. त्याचं वरून तिसरं बटण कधीकाळी पाण्यात पडलेलं. नवीन लाव म्हटलं तर म्हणे, "सापडेल की. कुठे जातंय?"

कामाच्या बाबतीत मात्र ती नाकावर माशी बसू देत नसे. पाणकणीस पाण्याच्या वर वीतभर राखून कापायचं. पाण्याखाली विळा घातला तर बुडख्यात पाणी शिरतं आणि मूळ कुजतं. तीन पट्टे असले तर दोन कापायचे, तिसरा पाखरांच्या घरट्यांना सोडायचा आणि पुढच्या वर्षी पट्टा बदलायचा. चटईसाठी लागतात ती पानं हिरवी, लांब, न मोडलेली. पण आत्या गेल्या वर्षीची मेलेली, लोळलेली पानंही ओढून काठावर आणायला लावी. त्यांचा काडीचाही उपयोग नसायचा, नुसते जड भारे. बायका कुरकुरत. "घरातला केर घरातच ठेवून झोपतेस का गं?" एवढंच ती विचारी, आणि भारा उचलायला स्वतः पुढे होई.

तिची खरी भाची एकच. ती आत्याकडे आली तेव्हा अडीच वर्षांची होती. पाणथळीतून निघालेला ओढा खाली तळ्याला मिळतो आणि त्या तळ्याचं पाणी नळाने शहराला जातं. आत्याचा भाऊ त्या शहरात भाड्याच्या खोलीत राहायचा. एका वर्षी तळ्याचं पाणी बिघडलं, घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि चार दिवसांत भावाची बायको गेली. भाऊ कामासाठी लांब निघून गेला आणि तिकडेच त्याने दुसरा संसार थाटला. मुलगी आत्याच्या पदरात पडली. आत्याचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं हे विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

मुलीला आईचा चेहराही आठवत नव्हता आणि आत्या त्या विषयावर कधी बोलत नसे. फक्त एक होतं. मुलीला प्यायला पाणी देताना ती पेला आधी उजेडाकडे धरून बघे, नाकाशी नेई आणि मगच तिच्या हातात देई. वस्तीतल्या बायका त्यावरून तिची थट्टा करायच्या. भाची पाणकणसाच्या भाऱ्यांवर बसून मोठी झाली, त्याच भाऱ्यांवर पाटी ठेवून लिहायला शिकली, शहरात जाऊन पुढचं शिकली आणि शेवटी तिथल्याच पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला लागली. तिसऱ्या मजल्यावर तिला एक खोली मिळाली. आत्याने ती खोली बघायला म्हणून एकदाच चक्कर टाकली. खिडकी बघितली नाही, गादी बघितली नाही, सरळ नळ उघडला आणि पेला भरून उजेडाकडे धरला.

कार्यालयात त्या वर्षी एक नवीन साधन आलं. खरं म्हणजे तो संगणकावरचा कार्यक्रम, पण अभियंता साहेबांनी त्याचं नाव 'तराजू' ठेवलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. पाणी, माती, गवत, पाखरं ही माणसाला जे जे देतात, त्यातलं काय लोकांना किती मोलाचं वाटतं ते लोकांनाच विचारायचं. ते आकडे तराजूत घालायचे, त्यात पावसाचे, उताराचे, मातीचे आकडे मिसळायचे आणि मग कुठला तुकडा कसा राखावा याचा रंगीत नकाशा तराजू काढून देणार. कल्पना वाईट होती असं कुणी म्हणू नये. आजवर असले निर्णय साहेबांच्या मेजावर चहाच्या कपाशेजारी होत असत. आता निदान पाण्यात उभं राहणाऱ्यांना विचारणार होते.

पाणथळीपुढे दोनच वाटा होत्या. एक, कापणी चालू ठेवायची. दुसरी, तारेचं कुंपण घालून सगळी बंद करायची, म्हणजे पाणकणीस दाट वाढेल आणि ओढ्याचं पाणी गाळून स्वच्छ करून तळ्यात सोडेल, असा वरच्यांचा कयास. बंद झाली तर आत्याच्या हाताला काम राहणार नव्हतं. भाचीला हे पहिल्या दिवसापासून स्वच्छ दिसत होतं.

विचारायला तिलाच पाठवलं. साहेब म्हणाले, "तुम्ही तिथल्या आहात म्हणून तुम्हाला पाठवतोय. आणि तिथल्या आहात म्हणूनच तोंड बंद ठेवायचं." पद्धत सोपी होती. पाच चित्रांचे पाच पत्ते: शहराला जाणारं स्वच्छ पाणी, चटयांची पानं, मासे, पाखरं आणि पुराला आवर. प्रत्येक बाईला वीस बटणं द्यायची आणि जे मोलाचं वाटेल त्यावर ती ठेवायला सांगायचं. जे जास्त मोलाचं त्यावर जास्त. विचारणाऱ्याने सुचवायचं नाही, समजवायचं नाही, प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. चित्रं भाचीने स्वतः काढली होती आणि चटईचं चित्र तिने मुद्दाम जरा जास्त सुबक काढलं होतं. एवढीच लबाडी तिला जमली.

आदल्या दिवशी दिवेलागणीला ती घरी पोचली. आत्याने चहा टाकला. भाचीच्या पिशवीतली पांढरी बटणं बघून तिने स्वेटर पुढे केला. यातलं एक दे म्हणाली. भाचीने सांगितलं की मोजून दिलेली आहेत, परत मोजून घेतील. आत्या खूप हसली. एवढी मोठी कचेरी आणि म्हातारीला एक बटण देववत नाही, म्हणाली. चहा पिताना भाचीच्या जिभेवर दोनदा आलं, आत्या, उद्या चटईवर ठेव. दोन्ही वेळा तिने ते चहाबरोबर गिळलं. तिला तिच्या नोकरीचा अभिमान होता, आणि अभिमानी माणसाला नियम पाळताना वेगळंच बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळवणीच्या शेडमध्ये लाकडी मेज मांडलं. नियमात लिहिलं होतं की प्रत्येकीला वेगळं बोलवावं. पण शेडला ना खोली ना आडोसा, आणि भाची काही बोलायच्या आत बायका सवयीने ओळीत उभ्यासुद्धा राहिल्या होत्या. पुढे आत्या, मागे अकरा. भाचीला ते दिसलं. इतकी वर्षं ती ओळ बघितलेली, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

तिने पाचही चित्रं एकेकदा वाचून दाखवली. आत्या मेजाशी वाकली, पाण्याच्या चित्रावर बोट ठेवून तिने विचारलं, "हे म्हणजे तुझ्या नळाला येतं तेच ना?"

प्रश्नाला उत्तर द्यायचं नव्हतं. भाचीने होकारार्थी मान हलवली. मान हलवण्याबद्दल नियमात काही नव्हतं.

आत्याने मग सगळी वीस बटणं, एकेक करून, पाण्यावर ठेवली. घाई नाही, गडबड नाही. चार-चारच्या पाच ओळी लावल्या, एक वाकडं झालेलं बोटाने सरळ केलं आणि पानं उलटायची राहिली आहेत म्हणून बाहेर निघून गेली. तिच्या मागची पुढे आली. तिने मेजाकडे बघितलं, आत्या गेली त्या दाराकडे बघितलं आणि आपली वीस बटणं आत्याच्या बटणांशेजारी ठेवली. तिच्या मागचीने तेच केलं. सहावी होती ती वस्तीतली तोंडाळ बाई, जिला आत्या आधी बुडवणार होती ती. तिने दोन बटणं चटईवर ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि चोरी पकडली गेल्यासारखी ती उचलून पाण्यावर सारली. बाराव्या बाईपर्यंत पाण्याचं चित्र दिसेनासं झालं होतं.

भाचीने मोजली. दोनशे चाळीस. चटईवर शून्य. ज्या बायकांनी जन्मभर चटईशिवाय दुसरं काही केलं नाही, त्यांच्या लेखी चटईचं मोल शून्य.

तिला त्याच क्षणी कळलं की काय झालंय. या बाराजणींनी मत दिलेलं नाही, एकीने दिलंय आणि अकरा जणी तिच्या पावलात पाऊल ठेवून गेल्यात. फॉर्मच्या तळाशी एक रिकामी ओळ असते, तिच्यापुढे 'शेरा' असं छापलेलं असतं. तिथे दोन वाक्यं लिहायची होती: बायका ओळीत आल्या, पुन्हा एकेकीला वेगळं विचारावं. तिने पेन काढलं. मग तिच्या मनात आलं की साहेब म्हणतील, आत्याचं काम जाणार असं दिसताच हिला शंका सुचली. कार्यालयातले लोक हसतील. हिचं पहिलंच काम आणि तेही रद्द. आणि खरं सांगायचं तर तिला आत्याचा रागही आला होता. एवढी शहाणी बाई, तिला एवढा साधा खेळ कळू नये? शेऱ्यापुढे तिने लिहिलं, 'काही नाही'.

साहेब खूश झाले. इतकं एकमत आपण नोकरीत पाहिलं नाही म्हणाले. तराजूने पाणथळ निळी रंगवली. निळा म्हणजे बंद. बैठकीत नकाशा भिंतीवर झळकला तेव्हा भाची मूग गिळून बसली होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनेही दोनदा वाजवल्या.

पुढच्या कापणीच्या आत कुंपण झालं. पत्र घेऊन भाचीच गेली, कारण ती तिथली होती. शेडमध्ये तिने ते वाचून दाखवलं. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या "बरं" म्हणाली. घरी जाऊन तिने विळ्याला तेल लावलं, फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवला. पुढे वर्षभर त्या विळ्याला ती दर महिन्याला तेल लावत होती.

बायकांची पांगापांग झाली. तिघी शहरात इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागल्या, दोघी फळं भरायच्या कारखान्यात. एक लेकीकडे गेली आणि तिथेच नातवंडांत अडकली. बाकीच्या मिळेल ते करत राहिल्या. तोंडाळ एकदा बसथांब्यावर भेटली. आत्या शेजारीच उभी होती, तिच्या देखत ती भाचीला म्हणाली, "चाळीस वर्षं हिच्या मागे पाण्यात गेलो, ओल्या पायाने पण परत आलो. एकदा कोरड्या जागी गेलो आणि बुडालो बघ." ती हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. तोंडाळला उलट उत्तर न देता आत्या गप्प राहिली असं भाचीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या वर्षी भाचीने तिला शहरात आणलं. आत्याने फारशी हुज्जत घातली नाही, आणि तेच भाचीला जास्त लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत करण्यासारखं काय असणार? हातावर हात ठेवून बसणं तिला ठाऊक नव्हतं. ती वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या फाडायची, त्यांची तळहाताएवढी चटई विणायची, पुन्हा उसवायची, पट्ट्या मांडीवर सरळ करायची आणि पुन्हा विणायला घ्यायची. संध्याकाळी तिची बोटं छपाईच्या शाईने काळी झालेली असत. भाची कामावरून आली की आधी त्या बोटांकडे तिचं लक्ष जाई. दोघी जेवत, बोलत, हसतसुद्धा. बटणांचा विषय मात्र दोघींनी काढला नाही. आत्याला खेळ कळला नाही, हे एव्हाना भाचीने मनाशी पक्कं करून टाकलं होतं, कारण तसं धरलं की तिच्या वाट्याची चूक थोडी लहान दिसे.

रोज सकाळी आत्या नळाचा पहिला पेला भरायची, खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरायची, वास घ्यायची आणि मग भाचीसमोर ठेवायची. भाची आता तीस वर्षांची होती.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी आत्याने पेला ठेवलाच नाही. नाकाशी धरून उभी राहिली. "पाणी कुजतंय गं," ती म्हणाली. भाची म्हणाली, जुने पाइप आहेत, बदलणार आहेत. आत्याने नाही म्हणून मान हलवली. पाइपाचा वास वेगळा असतो, हा लोळलेल्या पानांचा वास आहे, म्हणाली. त्या दिवसापासून ती पाणी उकळून, दोनदा गाळून देऊ लागली. भाची तिला चिडवायची. दोन महिन्यांनी प्रयोगशाळेचा कागद साहेबांच्या मेजावर आला. तळ्याचं पाणी बिघडत चाललं होतं आणि बिघाड वरून, पाणथळीतूनच येत होता.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चूक दडपली नाही. ते स्वतः जाऊन बघून आले. तीन वर्षं कुणी आत न गेल्याने पाणकणीस दाट वाढलं होतं, वाळून पडलं होतं, त्याच्यावर नवीन वाढून तेही पडलं होतं, आणि खाली सगळं सडत होतं. परत आल्यावर ते भाचीला म्हणाले, "त्या बायका तिथून काय काय बाहेर काढत होत्या, ते आपण विचारलंच नाही. आपल्या तराजूत त्याला पारडंच नव्हतं." कापणी पुन्हा सुरू करायची, बायकांना बोलवा, म्हणाले.

भाची त्या संध्याकाळी अर्ध्या वाटेपासून जवळजवळ धावत घरी आली. आत्या पट्ट्या विणत बसली होती. भाचीने बातमी सांगितली. आत्याचा हात थांबला. कधीपासून, एवढंच तिने विचारलं. पुढच्या आठवड्यात, भाची म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही.

"आत्या, तुला तो बटणांचा खेळ कळला नव्हता ना?"

"न कळायला काय झालं? जिथे जास्त बटणं, तिथे जास्त जीव."

"मग चटईवर एकही का नाही ठेवलंस?"

आत्याने मांडीवरच्या पट्ट्या गोळा केल्या. "वीसच होती," ती म्हणाली. "तुझी आई याच नळाच्या पाण्याने गेली. तू याच नळाखाली राहतेस. त्यातलं एक काढून चटईवर कुठून ठेवू?"

कापणी बंद होईल हे माहीत होतं का, असं भाचीने विचारलं.

"माझी होईल असं वाटलं होतं. माझी वीस बटणं, माझं काम गेलं तर गेलं. त्या अकरा जणी आपापली बटणं चटईवर ठेवतील, त्यांचं चालू राहील असं मी धरून चालले." आत्याने नळाकडे बघितलं. "पाण्यात दर दहा पावलांनी मागे बघायचे मी. त्या दिवशी नाही बघितलं. शेडमध्ये कसलं पाणी, म्हटलं."

तेव्हा भाचीने तिला शेऱ्याच्या ओळीचं सांगितलं. सगळं सांगितलं, साहेब काय म्हणतील या भीतीचं, पहिल्या कामाचं, आत्यावर आलेल्या रागाचं. 'काही नाही' हे दोन शब्द उच्चारताना तिला रडू फुटलं. आत्याने तिला जवळ घेतलं नाही आणि रागावलीही नाही.

"लिहायला हवं होतंस, पोरी," ती म्हणाली, आणि उठून पाणी उकळायला ठेवलं.

बोलावल्यावर अकरातल्या सात जणी आल्या. लेकीकडची आली नाही, एकीला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, एकीचा गुडघा गेला होता आणि एक मधल्या काळात वारली होती, हे त्या दिवशीच कळलं. तोंडाळ आली होती. नवीन विळा घेऊन आली होती आणि तो सगळ्यांना दाखवत होती. रखवालदाराने फाटकाचं कुलूप काढलं. साहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून जीपशेजारी उभे राहिले. बायका न सांगता ओळीत लागल्या आणि आत्या काठी घेऊन पुढे झाली. करडा स्वेटर अंगात, तिसऱ्या बटणाची जागा तशीच उघडी. भाचीला वाटलं, झालं, तीन वर्षं पुसली गेली.

आत्याने काठी रोवली. काठी आत जात राहिली. वर ओल्या गादीसारखा सडक्या पानांचा थर होता आणि त्याच्याखाली काही लागेना. तिची मूठ पाण्याला टेकली तरी तळ लागला नाही. तिने काठी ओढून काढली, दोन हात डावीकडे रोवली. तेच. उजवीकडे तेच. जुना मोठा दगड होता, ज्याच्यापासून ती ओळ सुरू करायची, तोही कुठे सापडेना. ती काठाकाठाने चालत राहिली, दर चार पावलांवर काठी रोवत, वाकत, ऐकल्यासारखी थांबत. बायका तिच्या मागे मागे, जिथे तिने पाय ठेवला तिथेच पाय ठेवत, कोरड्या जमिनीवरसुद्धा. असा जवळजवळ तासभर गेला. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं.

एके ठिकाणी काठीला काहीतरी कडक लागलं. आत्याने पाय उचलला, पाण्यावर धरला. तो पाय तसाच हवेत राहिला आणि मग आत्याने तो परत काठावर घेतला. ती मागे वळली. ओठ हलवत तिने डोकी मोजली.

"घरी जा गं बायांनो," ती म्हणाली. "हा तळ मला ठाऊक नाही."

कुणी हलेना. तोंडाळ म्हणाली, मी जाते पुढे, मला काय होतंय. आत्याने काठी आडवी धरली आणि तिची वाट अडवली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तोंडाळने नवीन विळा फडक्यात गुंडाळला आणि आत्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवून वळली. तिच्या मागे बाकीच्या वळल्या. साहेब भाचीला हळूच म्हणाले की आता यंत्र आणावं लागेल, साखळीचं, तळासकट ओरबाडून काढणारं. पुन्हा पाणकणीस उगवेल की नाही ते त्यांना सांगता येणार नाही. तराजूला विचारून बघू, असं ते म्हणू लागले आणि मध्येच थांबले.

जीपमध्ये त्यांनी भाचीला आजच्या नोंदीसाठी कोरा फॉर्म दिला. तोच जुना नमुना, तळाशी तीच ओळ. भाचीने गुडघ्यावर कागद ठेवला आणि शेऱ्यापुढे लिहायला सुरुवात केली. त्या दिवशी बायकांना एकेकीला वेगळं विचारलं नाही. त्या ओळीत आल्या. मला ते दिसत होतं आणि मी लिहिलं नाही. ओळ संपली, ती समासात शिरली, समास संपला तेव्हा तिने कागद उलटा केला. शेजारी आत्याचे पाय चिखलाने भरलेले होते.

"एवढं काय लिहितेस?" आत्याने विचारलं.

"तुझं लिहितेय."

"माझं काय लिहायचंय त्यात? पाण्याचं लिही," आत्या म्हणाली. भाचीने पाण्याचंही लिहिलं. जीप सुरू झाली. आत्या मागच्या काचेकडे वळून बसली होती. रस्त्याच्या कडेने बायका एकामागे एक वस्तीकडे चालल्या होत्या आणि आत्याचे ओठ हलत होते. सात झाली की ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.